'सोबत' : शब्दाचे कूळ आणि शब्दाचे काम

मराठीतील परकीय शब्दांची चर्चा बहुधा त्यांच्या कुळापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. शब्द मराठीत आल्यावर त्याने कोणते काम पत्करले, याचा विचार त्यामानाने कमी होतो. 'सोबत' हा शब्द या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

मूळ अरबी 'सुहबत' हा शब्द फार्सीच्या द्वारे मराठीत आला. सहवासात असणे हा त्याच्या धातूचा अर्थ. त्याच धातूपासून 'साहिब' म्हणजे सोबती हा शब्द सिद्ध झाला. मराठीत या दोन भावंडांच्या वाटा वेगळ्या झाल्या : 'साहेब' अधिकारपदी बसला, 'सोबत' वाटसरूच्या शेजारी चालत राहिली. आजच्या फार्सीत 'सोहबत' म्हणजे संभाषण. हिंदी-उर्दूत तो शब्द प्रामुख्याने संगतीच्या बऱ्यावाईट परिणामाकडे झुकतो.

मराठीने त्याला निराळे काम दिले, कारण शेजारची कामे करणारे शब्द तिच्याजवळ होते. परिणामाचा भाव 'संगत' वाहते. वाईट संगत लागते, वाईट सोबत लागत नाही. 'साथ' हा शब्द 'सार्थ' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा यापासून आलेला. त्यात सहकार्य अभिप्रेत आहे, म्हणून गायकाला तबल्याची साथ असते. नव्या नवरीसह सासरी जाणाऱ्या स्त्रीला तर 'पाठराखीण' असा स्वतंत्र शब्द आहे. 'सोबत' या शब्दाकडे आले ते एकटेपणाचे आणि भयाचे निवारण. रात्री सोबतीला निजायला येणारी शेजारीण, रुग्णाच्या सोबतीला थांबलेला भाचा, अंधाऱ्या वाटेने घरापर्यंत सोबत करणारा गडी यांनी काही विशेष करावे लागत नाही. त्यांचे तेथे असणे हेच त्यांचे कार्य. 'सोबती', 'सोबतीण', 'सोबतीला' ही रूपे पाहिली, तर मराठी व्याकरणानेही हा शब्द पूर्णपणे आपलासा केल्याचे दिसते.

'सोबत' क्रियाविशेषणासारखा वापरणेही गैर नाही. कार्यालयीन पत्राच्या तळाशी 'सोबत : वरीलप्रमाणे' असे लिहितात, तेव्हा एका कागदाबरोबर दुसरा कागद खरोखरच जात असतो. आक्षेप आहे तो वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि अनुवादित जाहिराती यांतून पसरलेल्या सरसकट वापरास. 'त्याच्याशी बोललो' याऐवजी 'त्याच्यासोबत बोललो', 'मुलीशी लग्न' याऐवजी 'मुलीसोबत लग्न', 'तिच्या बाबतीत असे घडले' याऐवजी 'तिच्यासोबत असे घडले' ही रचना हिंदीतील 'के साथ'चे शब्दशः रूपांतर होय.

यात केवळ शैलीचा प्रश्न नाही. १७९० ते १७९२ या काळातील युद्धात मराठे निजामासोबत टिपूशी लढले. १७९५ साली खर्ड्यास ते निजामाशी लढले. दोन्ही ठिकाणी 'सोबत' घातल्यास मित्र आणि शत्रू यांतील भेदच पुसला जातो. 'बरोबर' या शब्दात हा संदेह पूर्वीपासून होता, कारण समान, समोरासमोर हा त्याचा फार्सी मूलार्थ दोन्हींकडे वळू शकतो. 'सोबत' मात्र निःसंदिग्ध होता : ज्याची सोबत, तो आपल्या बाजूचा.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाषाशुद्धीच्या चळवळीने फार्सी-अरबी शब्दांवर बहिष्कार पुकारला. १९२५ साली फार्सी-मराठी कोश प्रसिद्ध करणारे माधवराव पटवर्धनही पुढे त्या पक्षास मिळाले. त्या बहिष्कारातून 'सोबत' सहज बचावला, कारण त्याचे नेमके काम करणारा दुसरा शब्द लोकांजवळ नव्हता. आज त्याला कोणी परका म्हणत नाही. उलट तो पूर्वी कधी नव्हता इतका आढळतो. पण प्रत्येक संबंधाला 'सोबत' लावल्यास त्या शब्दातील आधाराचा भाव झिजतो, आणि 'शी', 'ने', 'ला' यांसारखे प्रत्यय व 'बाबतीत' यासारखे शब्दही निरुपयोगी होऊ लागतात.

मराठीच्या अध्यापकांनी आणि संपादकांनी शब्दाच्या कुळाइतकेच त्याच्या कामाकडेही लक्ष पुरविणे म्हणूनच अगत्याचे आहे. अरबस्तानातून आलेला शब्द मराठी होऊ शकला तो मराठीने त्याला नेमका अर्थ दिला म्हणून. तो अर्थ गमावला, तर शब्द राहील, पण त्याची सोबत उरणार नाही.