गवत, गंजी आणि मुलांचं निसर्गचित्र

मुलांना 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की कागदावर काय येतं ते तुम्हाला पाठ आहे. त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, एक झोपडी आणि एक नारळाचं झाड. विदर्भातल्या मुलाच्या चित्रातही नारळच! आणि माणूस बहुतेक वेळा नसतोच.

यावर फळ्यावर आणखी एक नमुनाचित्र काढून देणं हा उपाय नव्हे, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा एकाच विषयाची वेगवेगळ्या काळातली चित्रं मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवा. विषय मी सुचवते: गवत.

पहिलं चित्र पीटर ब्रूगेलचं, १५६५ सालचं, गवतकापणीचं. आता ते प्रागमध्ये आहे. आपण जणू टेकडीवरून खाली बघतोय. डाव्या कोपऱ्यात एक जण विळ्याचं पातं ठोकतोय, तीन बायका खांद्यावर दाताळी घेऊन निघाल्यात, कुणाच्या डोक्यावर फळांच्या टोपल्या. त्या तिघींतली एक तर सरळ आपल्याकडे बघते. इथे निसर्ग म्हणजे ऋतू, आणि ऋतू म्हणजे काम.

दुसरं, इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन', १८२१. स्टाउर नदीच्या उथळ पाण्यात उभी गाडी, काठावर कुत्रा, वर ढगांनी भरलेलं आभाळ. किती शांत! पण कापणी करणारी माणसं कुठे आहेत ते मुलांना शोधायला सांगा. पार मागे, दूरच्या शेतात, ठिपक्यांएवढी. त्याच भागात १८१६ आणि १८२२ मध्ये शेतमजुरांचे दंगे झाले होते. कॉन्स्टेबल गिरणीमालकाचा मुलगा, आणि हे मोठं चित्र त्यानं लंडनमध्ये बसून, जुन्या अभ्यासचित्रांवरून रंगवलं. लहानपणाचं गाव त्यानं आठवणीतल्यासारखं जपलं. त्यात खोटं काही नाही, पण सगळं खरंही नाही. हा फरक सातवी-आठवीच्या मुलांना नीट कळतो, आपणच त्यांना कमी लेखतो.

तिसरं क्लोद मोनेचं. त्याच्या गंजी. १८९०-९१ च्या सुमारास जिव्हर्नीत, घराजवळच्या शेतातल्या गंजींची त्यानं पंचवीसेक चित्रं केली. (लोक त्यांना गवताच्या गंजी म्हणतात, खरं तर त्या गव्हाच्या पेंढ्यांच्या. आपल्याकडची सुडी आठवा.) माणूस नाही, बैल नाही, गाडी नाही. फक्त गंजी आणि तिच्यावरचा प्रकाश: सकाळचा, संध्याकाळचा, बर्फातला. उजेड बदलला की तो कॅनव्हास बदलायचा. पत्र्याच्या ट्यूबमधले रंग १८४१ नंतर आले, त्यामुळे रंग घेऊन बाहेर बसणं सोपं झालं होतं. १८९१ मध्ये त्यानं यातली पंधरा चित्रं एकत्र मांडली. म्हणजे तुलना करा, असं त्यानंच सांगितलं म्हणा ना!

आता एक विनंती. ही तीन चित्रं 'प्रगती' म्हणून शिकवू नका. मोने पुढे गेला आणि ब्रूगेल मागे राहिला, असं काही नाही. ब्रूगेलनं पाहिलेल्या बायका मोनेनं काढल्याच नाहीत. काही मिळालं, काही सुटलं. 'इम्प्रेशनिझम' वगैरे नावं शेवटच्या पाच मिनिटांत सांगितली तरी चालतात. आधी एकच प्रश्न विचारा: या चित्रात माणूस केवढा आहे?

'याला मार्क किती?' असं पालक विचारतील. विचारू देत. ज्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात, त्याच्या निसर्गचित्रात ऊसही नाही आणि आईवडीलही नाहीत, याची काळजी मला मार्कांपेक्षा जास्त वाटते.

तयारी फारशी लागत नाही. वर्गात टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर उत्तम, नाहीतर रंगीत प्रिंट काढा. मोबाईलवर मात्र दाखवू नका, कॉन्स्टेबलचे मजूर तिथे दिसणारच नाहीत. आणि मोनेची निदान दोन चित्रं हवीत, एकट्या गंजीनं काही कळत नाही.