गाठीला नंबर, रुग्णाला का नाही?

चादरीच्या गाठीवर लॉट नंबर नसेल तर सोलापूरचा कोणता व्यापारी ती उचलेल? रंग गेला, सूत हलके निघाले, तर नंबरावरूनच माल परत जातो. घरचा माणूस भरती करताना मात्र आपण एवढेच विचारतो, ‘डॉक्टरांचा हातगुण कसा आहे?’

दोन वर्षांपूर्वी माझी खाला शहरातल्या एका खासगी रुग्णालयात होती. सात रस्त्यावरून डबा घेऊन मी पोहोचलो तेव्हा नर्स इंजेक्शन भरून उभी होती. कागदावर नाव खालाचेच, पण वय चाळीस. खाला सत्तरीची! इंजेक्शन शेजारच्या खोलीतल्या बाईचे होते. मी हटकले म्हणून निभावले. आपल्याकडे एका गल्लीत एकाच नावाचे चौघे निघतात, तेव्हा त्या एकट्या मुलीला काय दोष द्यायचा?

यावर उपाय आहे आणि तो कागदावर तयारही आहे. भारतीय गुणवत्ता परिषदेचे ‘एनएबीएच’ हे मंडळ सुमारे वीस वर्षांपासून रुग्णालयांना मानांकन देते. रुग्णाची ओळख नाव आणि नोंदणी क्रमांक अशा दोन खुणांनी पटवा, खाटेचा नंबर चालणार नाही. सारख्या नावांची औषधे वेगळी ठेवा. चूक झाली तर दडपू नका, नोंदवा. बाहेरचे तपासनीस येऊन हे पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेआधी व नंतर तपासायची १९ मुद्द्यांची यादी दिली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. यंत्र नवे नाही, औषध नवे नाही, फक्त विचारण्याची शिस्त.

मालाची तपासणी चुकली की काय होते, हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाने १९८६ मध्ये दाखवले. भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि न्या. लेंटिन आयोग नेमावा लागला.

डॉक्टर म्हणतात, मानांकनाचा खर्च शेवटी बिलातच येणार. बरोबर आहे. पण पन्नास खाटांपर्यंतच्या रुग्णालयांसाठी वेगळे मानदंड आहेत, आणि मनगटावरच्या पट्टीला असे किती पैसे पडतात? दुसरी गोष्ट, हे मानांकन ऐच्छिक आहे. गिऱ्हाईक मागत नाही तोवर कोण घेईल? भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर मात्र भुलू नका, त्याची मुदत वाचा. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे राज्याच्या २०२१ च्या नियमांनी बंधनकारकच आहे; ती दिसली नाही तर विचारा. सुताचा काऊंट विचारताना आपण कुठे लाजतो?

गेल्या महिन्यात खालाला पुन्हा भरती केले, दुसरीकडे. दारातच मनगटाला पट्टी बांधली आणि प्रत्येक गोळीआधी नाव विचारू लागले. चौथ्या वेळी खाला वैतागली, ‘बाई, माझं नाव अजून पाठ झालं नाही का?’