हंगाम लहान झाला, तोटा कोणाच्या अंगावर?

आमच्या दिंद्रुडमध्ये 'हंगाम' म्हटले की पहिल्यांदा ऊसतोडीचा हंगाम आठवतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतात, उन्हाळ्यात परततात. खेळाचाही हंगाम असतो, हे आमच्या पोरांना टीव्हीने आणि मोबाईलने शिकवले. कोरोनाने हे दोन्ही हंगाम मोडले. आयपीएल थांबली तेव्हा देशभर हळहळ झाली. पण त्या मोडलेल्या हंगामाचे पैसे कोणाचे बुडाले, याचा हिशोब फारसा कोणी मांडला नाही. तो आम्ही इथे मांडतो.

2021 चा एप्रिल आठवा. 14 एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीच्याच दिवशी, रात्री आठपासून राज्यात 144 कलम लागू झाले. सलग दुसऱ्या वर्षी आम्ही जयंती घरातच साजरी केली आणि त्याची तक्रारही केली नाही, कारण माणसे जगणे महत्त्वाचे होते. पण दुसऱ्याच दिवशी, 15 एप्रिलला, वानखेडेवर आयपीएलचा सामना झाला. 10 ते 25 एप्रिल या काळात तिथे दहा सामने झाले. शेवटी बायोबबलमध्येच कोरोना शिरला आणि 4 मे रोजी स्पर्धा थांबली. तोवर 60 पैकी 29 सामने झाले होते. उरलेले सामने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमिरातीत नेऊन पूर्ण केले. म्हणजे ज्या हंगामात मालकांचा आणि प्रक्षेपणाचा पैसा अडकला होता, त्यासाठी परदेशातली मैदानेसुद्धा मिळाली.

आता रणजी करंडकाकडे बघा. 1934-35 मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा दुसऱ्या महायुद्धातही बंद पडली नव्हती. 2020-21 मध्ये ती पहिल्यांदाच रद्द झाली. मुंबईच्या संघाचेच उदाहरण घ्या. 2019-20 मध्ये त्यांना साखळीत आठ सामने मिळाले होते. पुढच्या हंगामात एकही नाही. त्यानंतरचा हंगामही पुढे ढकलला गेला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला, तेव्हा साखळीत सामने मिळाले फक्त तीन. तेवढ्यावर हा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि मध्य प्रदेशकडून हरला.

रणजीच्या खेळाडूला तेव्हा दिवसाला 35,000 रुपये मानधन होते. चार दिवसांचा सामना, म्हणजे 1,40,000. आठ सामन्यांचे 11,20,000. आकडा मोठा दिसतो, पण हा पैसा खेळला तरच मिळतो. बहुतेकांना वार्षिक करार नव्हता. सामना नाही तर पैसा नाही. सप्टेंबर 2021 मध्ये, म्हणजे हंगाम बुडून गेल्यावर कितीतरी महिन्यांनी, बीसीसीआयने आधीच्या हंगामातल्या मानधनाच्या निम्मी भरपाई जाहीर केली. ती खेळाडूंना होती. खेळपट्टीवर रूळ फिरवणाऱ्या माणसाचे काय?

हा प्रश्न आम्ही उगाच विचारत नाही. पळवणकर बाळू यांची क्रिकेटमधली सुरुवात पुण्यात खेळपट्टीची झाडलोट आणि रूळ फिरवण्यापासूनच झाली, महिना तीन-चार रुपयांवर. चर्मकार समाजातल्या या गोलंदाजाच्या जोरावर हिंदूंचा संघ गोऱ्यांना हरवत होता, आणि त्याच संघात त्यांना चहा मात्र वेगळा, मातीच्या भांड्यात मिळत होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. बळी हवेत, पण बळी घेणारा बरोबरीला नको, ही वृत्ती तेव्हाही होती. आज जातीचे नाव न घेता ती करारांतून चालते: श्रम हवेत, पण श्रमणाऱ्याची जबाबदारी नको.

काही जण म्हणतील, लाखांत कमावणाऱ्या खेळाडूची आणि कोयता धरणाऱ्या मजुराची तुलना कशी होईल? उत्पन्नाची तुलना आम्ही करतच नाही. आम्ही नियमाची तुलना करतो. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बीडचे हजारो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर अडकले. त्यांना गावी परतायची परवानगी एप्रिलच्या मध्यावर मिळाली. त्यांचा हिशोब टनावर होतो. तोड थांबली की कमाई थांबते, मुकादमाची उचल मात्र अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच दारात नेते. खेळाडूची कमाई बुडते, तोडणाऱ्याच्या डोक्यावर वर कर्ज चढते. तोटा कष्ट करणाऱ्याने सोसायचा, हा नियम मात्र दोन्हीकडे एकच.

हा नियम अटळ आहे का? नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलचा 162 सामन्यांचा हंगाम 2020 मध्ये 60 सामन्यांवर आला. खेळलेल्या सामन्यांच्या प्रमाणात पगार घ्यायचा, हे खेळाडूंनी मान्य केले. मालकांना त्याहून आणखी कपात हवी होती. खेळाडूंच्या युनियनने ती होऊ दिली नाही. त्याच खेळातल्या खालच्या, मायनर लीगच्या खेळाडूंना युनियन नव्हती. त्यांचा अख्खा हंगाम रद्द झाला आणि हातात आले आठवड्याला 400 डॉलर. खेळ एकच, महामारी एकच, फरक संघटनेचा. 2022 मध्ये ते खेळाडूही युनियनमध्ये आले आणि 2023 च्या पहिल्याच करारात त्यांचे किमान वेतन दुपटीहून वाढले.

ही ताकद फुकट आलेली नाही. खेळाडू ही क्लबची मालमत्ता नाही, म्हणून कर्ट फ्लड हा कृष्णवर्णीय खेळाडू सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1972 मध्ये खटला हरला. त्यात त्याची कारकीर्द संपली, पण तीन वर्षांत ती जुनी गुलामी मोडली. त्याच 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहत होती.

आपल्याकडे 2019 मध्ये क्रिकेटपटूंची संघटना झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची. आज मैदानात असलेल्यांना बोलायला जागा नाही. ऊसतोड कामगारांच्या संघटना आहेत, पण नेते बहुतेकदा निवडणुकीच्या हंगामातले. बाबासाहेबांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि 1938 मध्ये संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर आणले. संप करायला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला गुलाम करणे, ही त्यांची भूमिका होती.

म्हणून दिंद्रुडच्या पोरांना आमचे सांगणे एवढेच आहे. क्रिकेट बघा, खेळा, जमले तर रणजीपर्यंत जा. पण बॅट धरा की कोयता, हंगामाच्या आधी कागद वाचा. हंगाम बुडाला तर पैसे कोण देणार, हे त्यात लिहिलेले नसेल तर ते तुमच्या खिशातून जाणार, हे समजून घ्या. आणि ते लिहून घ्यायला एकटे जाऊ नका.

जय भीम!