तुमच्या बाकावर कोण बसतं?

मुलामुलींनो, आज एक सोपा प्रश्न विचारते. तुमचा जो अगदी जवळचा दोस्त आहे, तो तुमचा दोस्त झाला कसा?

“त्याचा स्वभाव आवडला म्हणून,” असं तुम्ही म्हणाल. पण जरा आणखी मागे जाऊन आठवा पाहू! बहुतेकांच्या बाबतीत असं निघेल, की तो शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायचा, एकाच रिक्षातून शाळेत यायचा, नाहीतर हजेरीपटावर दोघांची नावं पाठोपाठ होती म्हणून बाईंनी एका बाकावर बसवलं. स्वभाव वगैरे नंतर कळला!

आणि मैत्री म्हणजे नुसता खेळ नि डबा नव्हे, बरं का. मैत्रीतून अभ्याससुद्धा इकडून तिकडे जातो. तापामुळे दोन दिवस शाळा बुडाली, तर वही कोणाची मागता? अपूर्णांकांचा भागाकार वर्गात कळला नाही, तर “ए, हे कसं आलं रे?” असं कोणाला विचारता? मित्रालाच ना? शिष्यवृत्तीच्या परीक्षेला कुठलं पुस्तक चांगलं, कुणाची ताई इंजिनिअरिंगला गेली आणि त्यासाठी तिनं काय काय केलं, या गोष्टी फळ्यावर कोणी लिहीत नाही. त्या मधल्या सुट्टीत, डबा खाताखाता कळतात.

ज्यांचे आईबाबा शिकलेले आहेत, त्यांना त्या घरीही कळतात. पण ज्याच्या घरात शाळेची पायरी चढणारा तोच पहिला, त्यानं कोणाला विचारायचं? आणि नेमका तोच मधल्या सुट्टीत एकटा बसत असेल तर? बाई त्याच, पुस्तक तेच, वर्गही तोच. तरी दोघांच्या पदरात पडणारं शिक्षण सारखं नाही.

ही गोष्ट आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी साताऱ्याला एक मुलगा शाळेत जात असे. त्याला सगळ्यांच्यात बसायची परवानगी नव्हती. कोपऱ्यात बसायला गोणपाटाचा तुकडा तो घरून आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. नळाला त्यानं हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, नाहीतर तहानलेलं राहायचं. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. शाळेत नाव होतं, पण वर्गात जागा नव्हती.

आता कायदा तसा राहिलेला नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी सुरुवातीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, आणि त्यांना आठवीपर्यंत फी नाही. त्या वेळी पुष्कळ पालकांना काळजी वाटली : आपल्या मुलांच्या अभ्यासाचं काय होईल?

दिल्लीत काही खासगी शाळांमध्ये याच्या थोडं आधीच गरीब घरांतली मुलं येऊ लागली होती. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रिले शर्यतीची एक गंमत आहे. मुलांनी आधी दुसऱ्यांना धावताना पाहायचं आणि मग आपला जोडीदार निवडायचा. बक्षीस ५०० रुपये असलं, की जवळजवळ सगळे जास्त वेगानं पळणाऱ्याला निवडत, मग तो गरीब असो की श्रीमंत. पण बक्षीस ५० रुपयांवर आलं, की बरेच जण जास्त वेगवान पण गरीब मुलाला सोडून हळू पळणारा श्रीमंत मुलगा घेत! मात्र ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुलं होती, त्यांच्यात हा भेदभाव कमी होता. ती मुलं दुसऱ्यांना मदत करायलाही जास्त तयार असत.

अभ्यासाचं काय झालं? खरं तेच सांगते. हिंदी आणि गणिताच्या गुणांत फरक दिसला नाही. इंग्रजीचे गुण किंचित कमी झाले. तोंडात वाईट शब्द थोडे जास्त आले. मारामाऱ्या मात्र वाढल्या नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे, काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या अक्षरांच्या क्रमानं पाडलेले होते. नुसतं एका वर्गात असण्यापेक्षा अशा एका गटात बसून अभ्यास केल्यानं जास्त फरक पडला. आपल्या हजेरीपटासारखंच की हे!

अमेरिकेत राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेसबुकवरच्या कोट्यवधी लोकांच्या मैत्रीचा अभ्यास केला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे गरीब-श्रीमंतांची मैत्री जास्त, तिथली गरीब मुलं मोठेपणी जास्त पुढे गेलेली दिसली. मग अशी मैत्री कमी का होते? साधारण निम्मं कारण असं, की दोघं एकमेकांना भेटतच नाहीत. उरलेलं निम्मं कारण, भेटूनही मैत्री करत नाहीत!

पहिल्या निम्म्यासाठी कायदा आहे. दुसऱ्या निम्म्यासाठी कोण? तुम्हीच. “तू डबा माझ्याबरोबर खा,” असं सांगणारा कायदा कोणालाच करता येत नाही.

पण उपकार म्हणून काही करू नका हं. उपकार केलेला लगेच कळतो आणि मनाला लागतो. कुणाला “तू आरटीईवाला का?” असं तर कधीच विचारू नका. त्यापेक्षा त्याच्याकडे काहीतरी मागा. त्याला येणारं गणित विचारा, त्याच्या डब्यातली भाकरी चाखा, त्याच्या घरी खेळायला जा. ज्याच्याकडे आपण मागतो, तोही मग आपल्याकडे मोकळेपणानं मागतो.

आईबाबा, दोन शब्द तुमच्यासाठी. वाढदिवसाला कोणाला बोलवायचं, याची यादी पुष्कळदा तुम्हीच करता. या वेळी त्यात एक नाव वाढवून पाहा. आणि बोलावणं आलं तर तुमच्या मुलालाही त्याच्या घरी पाठवा.

मुलांनो, या आठवड्यात एवढंच करा. एक दिवस मधल्या सुट्टीत डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसा. गप्पा रंगल्या की नाही, ते मला पत्रानं जरूर कळवा. नाही रंगल्या, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा!