एम.ए. झालं, पुढं काय? तालुक्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाचा खरा हिशेब

विश्लेषण | धाराशिव जिल्हा

पदवीचा निकाल लागला की कळंब, भूम, परंडा, वाशी, लोहारा, उमरगा, तुळजापूर अशा सगळ्याच तालुक्यांतल्या घराघरांत एकच विषय निघतो. पोराला किंवा पोरीला आता पुढं काय करायचं? नोकरी समोर दिसत नाही, शेतीत उतरायची तयारी नाही. मग "तोवर एम.ए. करून ठेव" असं ठरतं. हे 'तोवर' कधी दोन वर्षांचं असतं, तर नेट-सेट आणि पीएचडी धरून कधी दहा वर्षांचं होतं. त्या काळात खर्च किती होतो, सरकारकडून काय मिळतं आणि शेवटी हातात काय पडतं, हा हिशेब प्रवेशाच्या आधी फार थोड्या घरांत मांडला जातो.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यातले जवळपास ७९ टक्के पदवीला आणि साधारण १२ टक्के पदव्युत्तर वर्गांत होते. म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांची संख्या ५० लाखांच्या वर गेली होती. महाराष्ट्रात उच्च शिक्षण घेणारे ४५ लाखांहून जास्त होते आणि या बाबतीत उत्तर प्रदेशानंतर आपल्याच राज्याचा नंबर लागतो.

सगळ्यात मोठी उडी पीएचडीत दिसते. २०१४-१५ मध्ये देशात १.१७ लाख जण पीएचडी करत होते, २०२१-२२ मध्ये ते २.१२ लाख झाले. याच काळात पीएचडी करणाऱ्या मुलींची संख्या दुपटीच्या पुढे गेली. पदव्युत्तर वर्गांत तर मुलीच जास्त आहेत, शंभरात पंचावन्न.

विषयांकडे पाहिलं तर पदव्युत्तर स्तरावर सगळ्यात जास्त गर्दी सामाजिक शास्त्रांना आहे. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र हे ते विषय. प्रयोगशाळा लागत नाही, फी कमी असते आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासालाही ते चालतात. तालुक्याच्या कॉलेजला पदव्युत्तर वर्ग सुरू करायचे असतील तर तेही इथंच सोपं पडतं.

प्रवेश कशासाठी घेतला जातो

एम.ए.ला नाव घालणारा प्रत्येक जण एम.ए.साठीच येतो असं नाही. एमपीएससीला पदवी पुरते, तरी परीक्षेची तयारी करणारी कितीतरी पोरं पदव्युत्तर प्रवेश घेतात. प्रवेश असला की वसतिगृहासाठी अर्ज करता येतो, शिष्यवृत्ती चालू राहते, ग्रंथालय मिळतं, एसटीचा पास निघतो. गावात कुणी विचारलं तर "शिकतोय" असं सांगता येतं. जाहिरात लांबली, निकाल अडकला की त्या पोराला हाच आधार असतो.

मुलींचं गणित वेगळं आहे. बऱ्याच घरांत शिक्षण थांबलं की लग्नाची बोलणी सुरू होतात. त्यामुळं पदव्युत्तर प्रवेश म्हणजे मुलीला मिळालेली दोन वर्षांची मुदत असते. कॉलेज तालुक्याला असेल, सकाळच्या एसटीने जाऊन दुपारी परत येता येत असेल, तर घरचे हो म्हणतात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याचा इथं खरा उपयोग झाला. पण तोच विषय शिकायला लातूर, सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरला राहावं लागणार असेल, तर मुलाला पाठवतात आणि मुलीचं तिथंच थांबतं. म्हणून तालुक्यातला एखादा पदव्युत्तर वर्ग बंद पडला तर त्याचा पहिला फटका मुलींना बसतो.

पैसा कुठून येतो

साध्या एम.ए., एम.कॉम.ची फी फार नसते. खरा खर्च राहण्याचा आणि खाण्याचा. खोली, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याला आठ हजार धरले आणि वर्षातले दहा महिने मोजले, तरी ८० हजार होतात. दोन वर्षांचे एक लाख साठ हजार. दोन-तीन एकर कोरडवाहू सोयाबीनवर चालणाऱ्या घराला ही रक्कम सहज पेलणारी नाही.

सरकारी योजना आहेत, पण त्या कुणाला लागू होतात ते नीट पाहावं लागतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात, लहान ठिकाणी रक्कम कमी होते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे, तर ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. मराठा आणि आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांचा आधार आहे.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना पूर्ण फी माफी दिली. निर्णय चांगला आहे, पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए अशांना त्याचा फायदा होतो. तालुक्याच्या कॉलेजात एम.ए. मराठी करणारी मुलगी या माफीत येत नाही. "मुलींना शिक्षण फुकट झालं" असं ऐकून कॉलेजात गेलेल्या पालकांची गल्लत होते ती इथंच.

दुसरी अडचण वेळेची. महाडीबीटीवर अर्ज भरायचा, कॉलेजने तो पुढं पाठवायचा, मग समाजकल्याणने मंजूर करायचा. खात्याला आधार जोडलेलं नसेल, उत्पन्नाचा दाखला जुना असेल, तर अर्ज मागं येतो. पैसे जमा होईपर्यंत घरमालक आणि मेसवाला थांबत नाहीत. म्हणजे शिष्यवृत्ती मंजूर असली तरी पहिले सहा-आठ महिने पैसा घरातूनच घालावा लागतो. ज्याच्याकडे तेवढा पैसा नसतो, तो पात्र असूनही मधेच गावाकडं परततो.

फेलोशिपची कमाई आणि नंतरची घसरण

पीएचडीकडं ओढा का वाढला, हे समजायला साधी बेरीज पुरते. यूजीसीची जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार आहे. दोन वर्षांनी ती ४२ हजार होते. घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षांची गोळाबेरीज केली तर जवळपास २४ लाख होतात. नेट-जेआरएफ सगळ्यांना मिळत नाही, म्हणून बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपवर मोठी भिस्त असते.

या फेलोशिपच्या जागांवर मर्यादा घातली गेली तेव्हा संशोधक विद्यार्थी आझाद मैदानापर्यंत गेले. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला आणि राज्यभर वाद पेटला. विद्यार्थ्यांना तो अपमान वाटला, आणि तसा वाटणं साहजिक होतं. पण त्या गदारोळात खरा प्रश्न बाजूला पडला. पीएचडी झाल्यावर सरकारने या पोरांसाठी काय ठेवलंय?

अनुदानित महाविद्यालयात कायम सहायक प्राध्यापक झाला तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, वर महागाई भत्ता. पण या जागा भरल्या जातात कधी? राज्याने २०१८ मध्ये ३,५८० जागा भरायला मान्यता दिली. त्यातल्या उरलेल्या २,०८८ जागांसाठी पुन्हा परवानगी मिळायला २०२१ उजाडलं. दरम्यान माणसं निवृत्त होत राहिली आणि रिकाम्या जागा तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर चालवल्या गेल्या.

२०२३ मध्ये वाढ झाल्यावर पदवी वर्गाच्या तासिकेचा दर ९०० रुपये झाला. आठवड्याला नऊ तासिका आणि महिन्याचे चार आठवडे धरले तर महिन्याला ३२,४०० रुपये होतात. हे पैसे बारा महिने मिळत नाहीत. सुट्टीत तास नाही आणि तास नाही तर पैसा नाही. नऊ महिने धरले तर वर्षाचे दोन लाख ९१ हजार. तेही बिल वेळेवर निघालं तर.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. शिकत असताना जेआरएफवाल्याची वर्षाची कमाई चार लाख ४४ हजार. शिकून झाल्यावर, 'डॉक्टर' झाल्यावर, त्याच माणसाची सीएचबीवरची कमाई तीन लाखांच्या आत. पदवी वाढली आणि कमाई घटली. त्या वेळी वय पस्तिशीला टेकलेलं असतं, घरी लहान लेकरं असतात, म्हातारे आईवडील असतात. संस्थेत कायम जागेसाठी किती मोजावे लागतात याची कुजबूज गावोगाव चालते, ती वेगळीच.

बेरोजगार कोण?

केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२२-२३ मध्ये पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. पदवीधरांचा मात्र १३.४ टक्के. याचा अर्थ शिक्षणाने माणूस वाया जातो असा काढला जातो, तो चुकीचा आहे. न शिकलेला माणूस रिकामा बसूच शकत नाही, तो मिळेल त्या रोजाने कामाला जातो आणि सरकारी हिशेबात 'रोजगारात' धरला जातो. शिकलेला पोरगा शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो. ती वाट पाहण्याची किंमत आईबाप भरत असतात. पदव्युत्तर प्रवेश हा बऱ्याचदा त्या वाट पाहण्याचाच एक भाग असतो.

नव्या धोरणाची दोन कोडी

नव्या शैक्षणिक धोरणाने गणित आणखी बदललंय. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीला नवा आराखडा लागू झाला. त्या तुकडीला २०२७ मध्ये दोन वाटा असतील. तीन वर्षांवर थांबून दोन वर्षांचं पदव्युत्तर करायचं, किंवा चौथं वर्ष करून पुढं एका वर्षात पदव्युत्तर पूर्ण करायचं. दोन्हीकडून वर्षं पाचच होतात. शिवाय चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट नेट देता येते आणि पीएचडीचं दार उघडतं.

पहिलं कोडं असं, की चौथं वर्ष शिकवणार कुठं? त्यासाठी संशोधनाचा अनुभव असलेले पूर्णवेळ शिक्षक लागतात. ज्या कॉलेजात विभागच सीएचबीवर चालतो, तिथं हे वर्ष कागदावर राहण्याची भीती आहे. तसं झालं तर परंडा किंवा लोहाऱ्याच्या मुलीला एक वर्ष आधीच जिल्ह्याला किंवा विद्यापीठात जावं लागेल. नाहीतर ती तीन वर्षांवरच थांबेल.

दुसरं कोडं प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचं. नव्या आराखड्यात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंगचे किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे चार क्रेडिट आहेत. शहरात कंपन्या आहेत. तालुक्यात इतिहासाच्या विद्यार्थ्याने कुठं जायचं? उत्तर शोधलं तर आहे. बाजार समिती, पंचायत समिती, तहसील, पतसंस्था, दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या, तुळजापूरचं देवस्थान, नळदुर्गचा किल्ला, तेरची जुनी वसाहत आणि तिथलं वस्तुसंग्रहालय, सगळं याच जिल्ह्यात आहे. कॉलेजांनी या ठिकाणांशी लेखी करार केले तर पोरांच्या हाताला खरं काम लागेल. नाहीतर ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारून प्रमाणपत्र जोडण्याची पद्धत रुळायला वेळ लागणार नाही.

प्रवेशाच्या आधी विचारायचे प्रश्न

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी कॉलेजात गेल्यावर चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. या विषयाला पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक किती आहेत? गेल्या दोन-तीन वर्षांत इथून किती जण नेट-सेट झाले? शिष्यवृत्तीचा अर्ज कोण पाहतो आणि मागच्या वर्षीचे पैसे मुलांच्या खात्यावर कधी पडले? ट्रेनिंगला कुठं पाठवता? नीट उत्तर मिळालं नाही, तर तेही एक उत्तरच समजावं.

पीएचडीला नाव घालण्याआधी फेलोशिप हातात आहे का, हे पाहावं. फेलोशिप नसताना केवळ प्राध्यापकीच्या आशेवर पाच वर्षं घालणं ही आजच्या घडीला मोठी जोखीम आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट पुरते, पीएचडी सक्तीची नाही, हेही बऱ्याच घरांपर्यंत अजून पोचलेलं नाही.

पण सगळा भार घरांवर टाकून चालणार नाही. मुलं शिकायला तयार आहेत, मुली तर मुलांच्या पुढं गेल्या आहेत. शिष्यवृत्ती शैक्षणिक वर्ष सुरू असतानाच देणं, रिकाम्या जागा भरणं आणि चौथं वर्ष तालुक्याच्या ठिकाणी नीट सुरू करणं ही तिन्ही कामं सरकार, विद्यापीठ आणि संस्थाचालकांची आहेत. २०२७ ला फार वेळ उरलेला नाही. आज पदवीला असलेली पोरं त्या वर्षी "पुढं काय?" विचारत दारात उभी राहतील, तेव्हा तालुक्यात वर्ग आणि वर्गात मास्तर असेल की नाही, हे आत्ताच ठरणार आहे.