कुत्र्याचा धनी कोण ?

कुत्रा पाळण्याची हौस आतां पांढरपेशा घरांतून चांगलीच रुजली आहे. पूर्वीं कुत्रा वाड्याच्या दिंडीशीं बसे, उरलेली भाकरी खाई आणि आल्यागेल्यावर भुंके. हल्लीं तो दिवाणखान्यांत कोचावर असतो आणि त्याचा वाढदिवसही होतो. यांत आम्हांस वावगें कांहीं दिसत नाहीं. परंतु हौस जितकी वाढली तितकी तिच्यामागून येणारी जबाबदारी उमगली आहे, असें मात्र म्हणवत नाहीं. या महिन्यांत आम्ही त्या जबाबदारीचें एकच अंग घेणार आहों: आपल्या कुत्र्यानें दुसऱ्याच्या कुत्र्यावर हल्ला केला तर आपण काय करावें. विषय क्षुल्लक वाटेल. पण एवढ्यावरून ज्यांचें एकमेकांशीं बोलणें कायमचें तुटलें, अशीं शेजारचीं घरें आमच्या पाहण्यांत आहेत.

प्रथम प्रत्यक्ष झुंजीविषयीं. कुत्रीं एकमेकांस भिडलीं कीं मालकाचा हात आपोआप गळ्यांतल्या पट्ट्याकडे जातो, आणि तोच हात फाटतो. झुंजीच्या आवेशांत कुत्र्यास आपलें-परकें उरत नाहीं. तोंडाशीं जें येईल त्यास तो चावतो. म्हणून मध्यें हात घालूं नये, पाय घालूं नये, आणि काठीनें मारूंही नये. माराच्या वेदनेनें चावा अधिकच घट्ट होतो. जवळ बादली असेल तर दोघांच्या तोंडावर पाणी ओतावें. नसेल तर सतरंजी किंवा जाड चादर टाकावी. पाट, खुर्ची, उघडलेली छत्री, हातीं लागेल तें दोघांमध्यें सरकवावें. पितळी ताट बडवावें. दोन धडधाकट माणसें असतील तर त्यांनीं एकेका कुत्र्याचे मागले पाय मांडीपाशीं धरून वर उचलावे. दात रुतलेले असतांना हिसका मात्र मारूं नये, नाहींतर जें मांस वांचावयाचें तेंही फाटतें. पकड ढिली होतांच दोघांनीं एकदम मागें सरावें, आणि आपला कुत्रा तत्काळ खांबाला बांधून टाकावा. मुलांना या भानगडींतून दूर ठेवावें.

हें झालें अंगबळाचें काम. मालकाची खरी परीक्षा त्यानंतरच्या पांच मिनिटांत होते. त्या पांच मिनिटांत काय कानीं पडतें, हें वाचकांनींही ऐकलेलें असेल. ‘आमचा कधींच असें करीत नाहीं हो!’ ‘तुमच्यानेंच आधीं गुरगुर केली.’ ‘कुत्रींच तीं, भांडायचींच.’ यांतलें पहिलें वाक्य कित्येकदां खरेंही असतें. पण समोरचा मनुष्य रक्तानें माखलेलें जनावर उराशीं धरून उभा असतां आपल्या कुत्र्याचा पूर्वेतिहास त्यानें विचारलेला नसतो. त्या वेळीं त्यास तीनच गोष्टी हव्या असतात: आपलें नांव व पत्ता, आपल्या कुत्र्यास रेबीजची लस कधीं टोंचली तें, आणि पशुवैद्याकडे बरोबर चालणारा एक सोबती.

महाभारताच्या आदिपर्वांत, पौष्यपर्वाच्या आरंभींच, एक लहानशी कथा आहे. जनमेजय आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रीं दीर्घसत्र करीत असतां सरमेचें पिलूं तेथें आलें, आणि भावांनीं त्यास मारलें. तें रडत आईकडे गेलें. सरमा सत्राच्या जागीं आली व तिनें विचारलें कीं, माझ्या मुलानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं, त्यास जीभ लाविली नाहीं, मग त्यास मारलें कां? यावर भाऊ कांहींच बोलले नाहींत. तेव्हां तिनें शाप दिला कीं, ध्यानींमनीं नसलेलें भय तुम्हांवर येईल. मग एवढा मोठा राजा त्या शापाच्या धाकानें योग्य पुरोहित शोधीत फिरला. येथें मारणारीं माणसें होतीं, कुत्रा नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु सरमा आधीं विचारावयास आली होती आणि शाप तिच्या तोंडून निघाला तो उत्तर न मिळाल्यावर, एवढें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

जखम लहान दिसते म्हणून प्रकरण लहान समजूं नये. कुत्र्याचा सुळा आंत खोल जातो आणि बाहेर जेमतेम मुगाएवढें भोंक ठेवतो. कुत्र्याची कातडी सैल असते, त्यामुळें ती जागेवर येऊन बसते आणि खालचें मांस मात्र फाटलेलें राहतें. तेथें एक-दोन दिवसांत पू धरतो. मोठ्या कुत्र्यानें लहान कुत्र्यास तोंडांत धरून झटकलें असेल तर छातींत किंवा पोटांत दुखापत असूं शकते. हिरड्या पांढुरक्या पडल्या, श्वास जलद झाला, जनावर मलूल होऊन पडलें, तर तासाचाही विलंब नको. जखमेंत हळद-चुना भरण्याचा मोह आवरावा, आणि माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या तर मुळींच देऊं नयेत. त्यांतल्या कांहीं कुत्र्यास विषासारख्या आहेत.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. आमच्या आळींत कांहीं वर्षांपूर्वीं घडलेली गोष्ट आहे. अकरा माणसांचें एकत्र कुटुंब, त्यांत तिघे भाऊ. घरांत एक दांडगा अल्सेशियन कुत्रा. तो आणला धाकट्या भावानें, जो पुढें नोकरीनिमित्त बंगळुरास गेला. खाऊं घालीत मधल्या वहिनी. आणि संध्याकाळीं फिरवून आणी थोरल्याचा तेरा वर्षांचा मुलगा. एके दिवशीं त्या मुलाच्या हातून सांखळी सुटली आणि कुत्र्यानें शेजारच्या एका सेवानिवृत्त परिचारिकाबाईंची लहानशी कुत्री छातीशीं धरली. लोकांनीं सोडविली. मुलगा रडत घरीं आला. रात्रीं खल झाला. थोरले म्हणाले, कुत्रा कांहीं मीं आणलेला नाहीं. मधले म्हणाले, फिरवावयास आमचें कोणी गेलें नव्हतें. धाकट्यानें फोनवरून सल्ला दिला कीं, प्रकरण आपोआप थंड होईल. अशा रीतीनें दोन दिवस अकरा माणसांपैकीं एकही त्या बाईंच्या दारांत गेलें नाहीं. कोणी दुष्ट होतें असें नाहीं. प्रत्येकास वाटे कीं दुसरा जाईल. तिसऱ्या दिवशीं ऐंशीच्या घरांतल्या आजी नातवाचा हात धरून जिना उतरल्या. ‘बाई, कुत्रा माझा आहे. काय झालें तें मला सांगा,’ एवढेंच त्या बोलल्या. तोंवर जखम चिघळली होती. शस्त्रक्रिया करावी लागली. कुत्री वांचली. खर्च तिघां भावांनीं वांटून दिला, पण त्या बाई पुढें कित्येक महिने पैशांविषयीं न बोलतां त्या दोन दिवसांविषयींच बोलत.

एकत्र कुटुंबांत कुत्रा सर्वांचा असतो आणि त्यामुळें प्रसंगीं कोणाचाच नसतो. म्हणून घरच्या वडील माणसांनीं आधींच ठरवावें कीं, धनी कोण. तो प्रौढ असावा, गांवांत राहणारा असावा, आणि पुण्यामुंबईसारख्या ठिकाणीं महानगरपालिकेचा परवाना त्याच्याच नांवें काढावा. कुत्र्याचें वजन ज्यास पेलत नाहीं त्याच्या हातीं सांखळी देऊं नये, मग तो मुलगा कितीही हट्ट धरो.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत असा नियम आहे कीं, दाढांचीं किंवा शिंगांचीं जनावरें पाळणारा धनी सामर्थ्य असून त्यांच्या तावडींतून सोडवीत नाहीं, तर त्यास प्रथमसाहस दंड करावा. आणि संकटांत सांपडलेल्यानें हांक मारली असूनही सोडवीत नसेल, तर दुप्पट. जनावर चवताळलें याहून धनी स्वस्थ उभा राहिला याचा दोष मोठा, अशी ही दृष्टि. आजचा कायदा या बाबतींत तोकडा पडतो. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वयें, आपल्या जनावराचा बंदोबस्त करण्यांत हयगय करणारास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. पण तें कलम माणसास असलेल्या धोक्यापुरतें आहे. कुत्र्यास झालेल्या इजेची भरपाई दिवाणींत मागावी लागते, आणि पशुवैद्याच्या बिलासाठीं दिवाणीची पायरी चढणारा विरळा. तेव्हां न मागतां खर्च देणें हाच व्यवहार्य मार्ग होय. टांके निघेपर्यंतचा सर्व खर्च द्यावा. अर्ध्यावर घासाघीस करूं नये.

मग आपल्या कुत्र्याचें काय? घरीं आणून त्यास बडविणें व्यर्थ आहे. सकाळच्या खोडीबद्दल दुपारीं खाल्लेली छडी कशाची, हें आमच्या वर्गांतल्या मुलांनाही उमगत नसे. तेथें मुक्या जनावरास काय कळणार? तो कशानें बिथरला तें शोधावें: अन्नावरून, दाराच्या हद्दीवरून, अवघडलेल्या दुखण्यामुळें, कीं माजावर आलेल्या मादीवरून. भाद्रपदांतल्या कुत्र्यांविषयीं मराठी माणसास अधिक सांगावयास नको; खच्चीकरणाविषयीं पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. तोंवर सांखळी आंखूड ठेवावी, आणि तोंडास मुसकें घालावें. तें जाळीदार असावें, म्हणजे कुत्र्यास धापा टाकतां येतात व पाणी पितां येतें. कित्येकांस यांत कमीपणा वाटतो. मळणीच्या बैलास मुसकें बांधतांना शेतकऱ्यास तो वाटत नाहीं.

ब्याद नको म्हणून कुत्रा दूर नेऊन सोडून देणारेही आहेत. स्वर्गाच्या दारीं युधिष्ठिर काय म्हणाला तें घरोघरीं ठाऊक असतांना हें घडतें, याचें आम्हांस नवल वाटतें. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें, जनावर उपाशी-तहानेलें मरेल अशा स्थितींत सोडून देणें हा गुन्हा आहे.

राहतां राहिला बेवारस कुत्रा. आपल्या कुत्र्यानें रस्त्यावरच्या कुत्र्यास फाडलें तर भांडावयास कोणी येत नाहीं, आणि म्हणूनच पुष्कळ मालक तेथून काढता पाय घेतात. त्या कुत्र्याच्या उपचाराची व्यवस्थाही आपणच करावी. जवळची प्राणिसेवी संस्था कोणती, हें कुत्रा घरीं आणतेवेळींच लिहून ठेवावें. शिवाय येथें आपलाही प्रश्न असतो. रस्त्यावरच्या कुत्र्यास लस मिळालेली असेलच असें नाहीं, म्हणून आपल्या कुत्र्यास ओरखडा जरी आला असला तरी त्याच दिवशीं पशुवैद्यास दाखवावें, मग वार्षिक लस झालेली असो वा नसो. सोडवितांना माणसास दात लागला असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि तडक रुग्णालयांत जावें. चावलेला कुत्रा सांपडत असेल तर त्याच्यावर १० दिवस नजर ठेवावयाची असते. परंतु तोंवर आपली लस लांबणीवर टाकूं नये.