कोपराचा आधार

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांच्या वडिलांचे वय चौऱ्याहत्तर. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली. पत्रलेखिकेचा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. तेथे एक दृष्टिहीन गृहस्थ आपल्या कुत्र्यासह आगगाडीने मित्रांबरोबर खेड्याकडे सुट्टीला निघालेले त्याने पाहिले आणि बहिणीला कळवले. ‘बाबांसाठी असा कुत्रा आपल्याकडे मिळेल का? मिळाला तर त्यांनाही सोबत नेता येईल. सध्या कुठे जायचे झाले, की त्यांना शेजाऱ्यांवर सोपवून जावे लागते,’ असे त्या लिहितात.

आधी कुत्र्याविषयी. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे मार्गदर्शक श्वानांची पहिली शाळा निघाली. अमेरिकेत १९२९ साली आणि इंग्लंडमध्ये १९३१ साली हे काम सुरू झाले. लॅब्राडोर किंवा गोल्डन रिट्रीव्हर जातीचे पिल्लू साधारण वर्षभर एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वाढते. गर्दीला, वाहनांना, दुकानांना सरावते. मग काही महिने त्याचे रीतसर शिक्षण होते, आणि शेवटी ज्यांच्याकडे ते जाणार त्यांनाही त्याच्यासोबत काही आठवडे शिकावे लागते. हा कुत्रा धन्याला हव्या त्या ठिकाणी आपला आपण नेतो, अशी अनेकांची समजूत असते. तसे नाही. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो. डावीकडे की उजवीकडे, हे माणूसच सांगतो. कुत्रा अडथळा चुकवतो, पायरीपाशी थांबतो आणि समोरून वाहन येत असेल तर धन्याचा हुकूम मोडून जागचा हलत नाही. सिग्नलचा दिवा त्याला वाचता येत नाही. वाहतुकीच्या आवाजावरून रस्ता ओलांडायचा निर्णय माणूसच घेतो.

असे श्वान तयार करून गरजूंना देणारी व्यवस्था आपल्याकडे जवळपास नाहीच. आणि समजा कोणी एखादा आणला, तरी आमच्या बाजारपेठेत त्या बिचाऱ्याचे काय होईल? पदपथ नावापुरते, प्रत्येक चौकात मोकाट कुत्र्यांची टोळी, आणि वैशाखात तापलेले डांबर. तेव्हा श्वानाची आशा दाखवत राहणे म्हणजे वडिलांच्या कोपराला गूळ लावण्यासारखे होईल. कोपर मात्र खरोखरच कामाचे आहे, आणि आमच्या गावाच्या नावातच ते असल्यामुळे त्याविषयी लिहायचा मला थोडा अधिकारही पोहोचतो.

मागच्या पौषातली गोष्ट सांगते. शनिवार-रविवार जोडून आम्ही सात जण कोपरगावजवळच्या एका स्नेह्यांच्या वस्तीवर हुरड्यासाठी मुक्कामाला गेलो होतो. सातांपैकी तिघांना दिसत नव्हते. मास्तर जन्मांध, ब्रेल शिकून संगीत शिक्षक झालेले, निवृत्त झाल्यावरही पांढरी काठी घेऊन एकटे आगगाडीने हिंडणारे. अक्कांची दृष्टी मधुमेहाने नेली. तिसरे आप्पा, माझ्या यजमानांचे बँकेतील जुने सहकारी. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने मिटत गेली आणि आता डाव्या डोळ्यात केवळ उजेड कळतो. तीन वर्षांत हे गृहस्थ दवाखान्याखेरीज उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. ‘पडले-बिडले तर काय करायचं?’ हे काकूंचे एकच उत्तर.

या तिघांत सर्वांत अवघडलेले कोण होते, हे सांगायला नको. जन्मांध मुलाला शाळेत काठी धरायला शिकवतात, आवाजावरून अंतर ओळखायला शिकवतात. पासष्टाव्या वर्षी दृष्टी गेलेल्याला कोणी काहीच शिकवत नाही. त्याला खुर्चीत बसवतात, पाण्याचा पेला हातात देतात, आणि ही सेवाच असते, प्रेमापोटी केलेली. पण पाय वापरले नाहीत, की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू उतरणीला लागतात, तोल सांभाळण्याची सवय मोडते, दिवसा डुलक्या आणि रात्री टक्क जागरण सुरू होते. पडेल म्हणून बसवून ठेवलेला माणूस काही महिन्यांत खरोखरच पडण्याजोगा होतो. असे रुग्ण मी वरचेवर पाहते.

वस्तीच्या फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा काकूंनी सवयीने आप्पांचा दंड धरला आणि त्यांना पुढे ढकलत न्यायला सुरुवात केली. मास्तरांना पावलांच्या आवाजावरून ते कळले. ‘वहिनी, त्यांना धरू नका. त्यांना तुम्हाला धरू द्या,’ ते म्हणाले. मग त्यांनी तेथेच धडा दिला. सोबत्याने आपला हात सहज खाली सोडावा. दृष्टिहीन व्यक्तीने त्याच्या कोपराच्या किंचित वर पकडावे आणि अर्धे पाऊल मागे चालावे. सोबत्याचे शरीर वर झाले, खाली गेले, वळले, की ते त्या कोपरातून आपोआप कळते. मागून ढकलले जाणाऱ्या माणसाचा पाय मात्र प्रत्येक वेळी अज्ञातात पडतो. पायरी आली तर क्षणभर थांबावे आणि ‘वर’ की ‘खाली’ एवढेच सांगावे. वाट अरुंद झाली तर आपला हात पाठीमागे न्यावा. सोबतचा माणूस समजून मागोमाग येतो. बसवताना खांदे दाबून बसवू नये, त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवावा. गाडीत चढवताना दाराच्या वरच्या कडेवर हात ठेवून द्यावा, म्हणजे डोके आपटत नाही. काठी कधीही ओढू नये. आणि बाजूला जायचे असेल तर ‘मी जाते आहे’ असे सांगून जावे. नाहीतर तो माणूस रिकाम्या हवेशी बोलत राहतो. या शेवटच्या गोष्टीवर आप्पा एकदम म्हणाले, ‘हे बरं सांगितलंत.’ काकू काही बोलल्या नाहीत.

अंगण ओलांडून ओसरीपर्यंत जायला त्या दोघांना चांगला वेळ लागला. संध्याकाळी तेच अंतर ते गप्पा मारत चालले.

नव्या जागी दृष्टिहीन व्यक्तीला नेले, की पहिला अर्धा तास जागेच्या ओळखीसाठी राखून ठेवावा. एक ठिकाण मध्य धरावे. आमच्याकडे ते तुळशीवृंदावन होते. तेथून खोली किती पावलांवर, गोठा कोणत्या अंगाला, पाण्याची मोटर कोठे घरघरते, हे एकेकाने चालून पाहिले. खोलीपासून शौचालयापर्यंत कमरेच्या उंचीवर दोर बांधला आणि जेथे पायरी आहे तेथे दोराला गाठ मारली. खर्च शून्य, आणि रात्री कोणालाही उठवण्याची गरज पडली नाही. लाजेपोटी लघवी दाबून धरणे किंवा त्यासाठी संध्याकाळपासून पाणीच न पिणे, हे वृद्धांमध्ये किती चालते, हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसते.

शेतावर धोके आहेतच. ते नाकारण्यात शहाणपण नाही. कठडा नसलेली विहीर, कालव्याचा उतार, आगटी आणि वस्तीचा कुत्रा. विहिरीकडे व कालव्याकडे दृष्टिहीन पाहुण्याने सोबतीशिवाय जायचे नाही, हे आम्ही आल्या आल्या ठरवले. अंधार पडल्यावर तर डोळस मंडळींनीही उसाच्या कडेने एकटे फिरू नये. आमच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची ये-जा असते. वस्तीच्या कुत्र्याचे नाव मोत्या. यजमानांनी त्याच्या गळ्यात बैलाच्या माळेतला एक घुंगरू अडकवला, म्हणजे तो कोठे आहे हे तिघांनाही कळत राहिले. आप्पांच्या पायाशी तो दुपारभर बसून होता. त्याला मार्गदर्शक नेमावे, असा ठराव झाला आणि एक कोंबडी दिसताच तो बारगळला. (कुत्रा चावलाच, मग तो पाळीव का असेना, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठून रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये.)

आता हुरडा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी यासारखी मेजवानी नाही, कारण यात पाहण्यासारखे फारसे काही नसतेच. गोवऱ्यांच्या आरावर कणसे भाजल्याचा वास, ती चोळताना तळहाताला बसणारा चटका, आणि फुंकर मारून कोंडा उडवलेले कोवळे, गोडसर दाणे. मास्तरांनी चोळलेला हुरडा आमच्यापेक्षा स्वच्छ निघाला. रात्रीच्या जेवणाला यजमानीणबाईंनी विचारले, की यांना ताटातले कसे सांगायचे? इंग्रजी पद्धतीत घड्याळाचे काटे सांगतात: भाजी तीनवर, चटणी दहावर. मास्तर हसले. आपले ताट वाढण्याची रीतच इतकी पक्की आहे, की वरच्या टोकाला मीठ-लिंबू, डाव्या अंगाला चटणी-कोशिंबीर-लोणचे, उजव्या अंगाला भाजी-आमटी, हे न बघता कळते. फक्त वाढणाऱ्याने ती रीत मोडू नये. मला हे इतक्या वर्षांत कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात वाचायला मिळाले नव्हते.

अक्कांची गोष्ट थोडी निराळी, आणि मधुमेही वाचकांनी ती नीट लक्षात घ्यावी. ज्या मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला इजा होते, त्यानेच पायांच्या नसाही बधिर होतात. म्हणजे निखारा पायाला लागला तर तो दिसणारही नाही आणि जाणवणारही नाही. म्हणून अक्कांना मोजे व बंद बूट घालूनच आगटीपासून हातभर दूर बसवले, आणि झोपण्यापूर्वी त्यांचे तळवे व बोटांच्या बेचक्या त्यांच्या सुनेने विजेरीच्या उजेडात तपासल्या. दुसरा धोका उपाशीपोटी राहण्याचा. हुरड्यासाठी पोट मोकळे ठेवायचे म्हणून सकाळची न्याहारी टाळायची, ही आपली जुनी खोड. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन असे केले, तर घाम, थरथर आणि गोंधळलेले बोलणे सुरू होऊ शकते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. हुरडा हे धान्यच आहे आणि गूळ ही साखरच. ते भाकरीच्या जागी खावे, भाकरीच्या जोडीला नव्हे.

शनिवारी रात्री आगटीभोवती गाणे झाले. मंडळी पांगल्यावर आप्पांनी मला थांबवले. आवाज खाली आणून म्हणाले, ‘डॉक्टर, मला भिंतीवर वेलबुट्टी दिसते. कधी छोटी छोटी माणसं रांगेनं जाताना दिसतात, रंगीत फेटे घातलेली. वर्ष झालं. हिला सांगितलं नाही. वेड लागलं म्हणेल.’

या प्रकाराला शार्ल बॉने यांचे नाव आहे. जिनिव्हाच्या या विद्वानाने १७६० साली आपल्या आजोबांचा असाच अनुभव लिहून ठेवला. आजोबांची दृष्टी मंदावली होती, बुद्धी शाबूत होती. डोळ्यांकडून चित्रे येईनाशी झाली, की मेंदूचा पाहण्याचा भाग स्वतःच चित्रे रचू लागतो. ती खरी नाहीत हे त्या व्यक्तीला कळत असते, आणि ती चित्रे बोलत नाहीत. हे वेड नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. पुष्कळदा काही काळाने ती विरळ होतात. दिवा लावणे, नजर डावी-उजवीकडे फिरवणे, उठून जागा बदलणे, याने चित्र मोडते. मात्र आवाज ऐकू येऊ लागले, माणूस दिवस-वेळ विसरू लागला, किंवा ताप, नवे औषध, बोलण्यातली अडखळ यांच्यासोबत हे अचानक सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आप्पांना मी हे समजावले आणि मग त्यांच्या परवानगीने काकूंनाही. काकू बराच वेळ गप्प होत्या. नंतर त्यांनी विचारले, ‘फेटे कोणत्या रंगाचे असतात?’

आपल्या घरी दृष्टी अधू झालेले कोणी असेल, तर एकदा शांतपणे विचारून पाहा. ‘तुम्हाला भास होतात का?’ असे नको. ‘दृष्टी कमी झालेल्या काही लोकांना नक्षी किंवा माणसे दिसतात म्हणे, तुम्हाला कधी दिसतात का?’ असे विचारावे. उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

रविवारी सकाळी कोकमठाणच्या जुन्या हेमाडपंती शिवमंदिरात गेलो. तेथे मास्तरांनी आप्पांचा हात धरून दगडी नक्षीवरून अलगद फिरवला. आप्पांनी हे मंदिर पूर्वी अनेकदा पाहिले होते. पण त्या दगडाचा हिवाळ्यातला गारवा आपल्या ध्यानात कधी आला नव्हता, असे ते म्हणाले. परतताना बेटावरच्या शुक्राचार्यांचे दर्शन घेतले. वामनाने झारीत दर्भ खुपसून ज्यांचा एक डोळा घालवला, तेच हे दैत्यगुरू. ‘आमच्या गावचं दैवत एका डोळ्यानं काम चालवतंय,’ आप्पा म्हणाले, ‘माझं खातं फक्त थोडं जास्त तोट्यात आहे.’

असा मुक्काम ठरवताना काही गोष्टी आधी पाहाव्यात. कमोड आहे का, आणि जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे फोनवरच विचारावे. काचबिंदूचे थेंब सुट्टीतही चुकवू नयेत. गेलेली नजर त्यांनी परत येत नाही, उरलेली टिकते. बाटल्या तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. सकाळच्या बाटलीला एक रबरबँड आणि रात्रीच्या बाटलीला दोन लावले, की हाताला फरक कळतो. आणि ‘वयामुळे दिसत नाही’ एवढ्यावर कोणी थांबले असेल, तर निघण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना जरूर दाखवा. तो नुसता मोतीबिंदूही असू शकतो.

प्रवासखर्चाचेही सांगून ठेवते. पूर्णतः दृष्टिहीन व्यक्तीला आणि तिच्या सोबतच्या एका व्यक्तीला रेल्वेच्या द्वितीय वर्गात व शयनयानात ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेच्या नियमाप्रमाणे ओळखपत्र आधी काढून घ्यावे लागते. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास २०२२ पासून विनामूल्य आहे. हुरडा जानेवारीअखेरपर्यंत मिळतो. पुढे दाणा टणक होतो.